आजोबा कशानं गेले?

बिराजदार सर नव्या माणसाला नाव विचारत नाहीत. आडनाव विचारतात, मूळ गाव विचारतात, आणि तिसरा प्रश्न असतो, "आजोबा कशानं गेले?" समोरचा माणूस लिफ्टमध्ये असो, लग्नाच्या पंगतीत असो किंवा गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढत असो, सरांना काही फरक पडत नाही.

आम्ही जुळे सोलापुरातल्या या फ्लॅटवर राहायला आलो त्या दिवशी माझे यजमान दोन माणसांच्या मदतीनं कपाट वर चढवत होते. समोरचं दार उघडलं आणि लेंगा-बनियनवर सर बाहेर आले. आडनाव झालं, गाव झालं, मग तो प्रश्न. यजमान घामाघूम झालेले. कपाटाखालूनच ओरडले, "विहिरीत पडून!" सरांचा चेहरा इतका पडला की मला वाटलं, यांची आमच्या आजेसासऱ्यांशी जुनी ओळख असावी. "अरेरे," ते म्हणाले, "म्हणजे हृदयाचं काही कळलंच नाही की."

मी महापालिकेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे विक्षिप्त माणसांची मला सवय आहे. आमच्या स्टाफरूममधल्या निम्म्या खुर्च्या त्यांच्याच आहेत. पण सरांची तऱ्हा निराळी. ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर माणसं कुंड्यांत मिरच्या लावतात, भजनाला जातात. सर कोलेस्टेरॉलच्या मागे लागले. तेही खाण्यापिण्यातल्या नव्हे. "भाकरीवर तेल किती घेता?" असं विचारणाऱ्या लोकांचा त्यांना मनापासून राग येतो. "ताटातलं सांगू नका, ताटाच्या आधीचं सांगा," हे त्यांचं पालुपद.

त्यांचं म्हणणं असं. रक्तातली चरबी नुसती तोंडावाटे येत नाही, लिव्हर ती घरच्या घरी तयार करतं. फिरणारी जादा चरबी परत आत ओढून घ्यायला त्या लिव्हरला बारीक बारीक दारं असतात. कुणाला किती दारं मिळणार आणि त्यातली किती नीट उघडणार, हे आईबापांकडून ठरून येतं. दारं कमी पडली की माणूस काडीसारखा बारीक असू दे, जन्मभर उकडलेला दुधी खाऊ दे, चरबी रक्तातच फिरत राहते.

"आणि बाई, पुस्तकातले बरेचसे आकडे गोऱ्या लोकांच्या रक्तावरनं काढलेत," ते मला म्हणाले. "ते आपल्याला मापात बसत नाहीत. आता आपण म्हणजे तरी कोण? इथं तेलुगू विणकर आहेत, आम्ही कानडी आहोत, सांगोल्याकडचे मेंढपाळ आहेत, मुसलमान आहेत, तुम्ही आहात. सगळे एकाच शेंगाचटणीवर वाढलेले. मग सगळ्यांचं रक्त सारखं का नाही, सांगा बघू!"

मला काय सांगता येणार? माझ्या हातात दुधाची पिशवी होती आणि शाळेची वेळ झाली होती.

एकदा सर, त्यांच्या पत्नी महादेवीकाकू आणि मी रिक्षानं साड्यांच्या दुकानात निघालो. सरांनी रिक्षावाल्या चाचांना त्यांच्या खानदानाबद्दल विचारलं. चाचा आरामात म्हणाले, "दादा नव्वद के हो को गये साब. रोज नल्ली खाते थे." झालं! रोज मटणाची चरबीदार नळी खाऊन नव्वदी म्हटल्यावर सरांना इतका आनंद झाला की दादांच्या भावांपासून मावश्यांपर्यंत सगळ्यांची चौकशी झाली आणि आमचं दुकान कधीच मागे पडलं. पुढे दुकानातल्या मालकीणबाई, घराणं विणकरांचं, सहज बोलून गेल्या की आठवड्याला दोन उपास करूनही त्यांचं कोलेस्टेरॉल काही खाली येत नाही. सर साड्यांच्या ढिगाऱ्यावरून पुढे झुकून म्हणाले, "वा! फार सुंदर!" बाईंना वाटलं साडीबद्दलच म्हणतायत. काकूंनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "साकु री!" म्हणजे कानडीत, पुरे आता हो. त्या घरात दिवसातून सगळ्यात जास्त ऐकू येणारे शब्द हेच.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं तर विचारूच नका. लोक वाण म्हणून प्लास्टिकचे डबे लुटतात. सरांनी कोपऱ्यावरच्या लॅबवाल्याला गाठून प्रत्येक सवाष्णीला रक्ततपासणीचं कूपन दिलं. वर बजावलं, सकाळी उपाशीपोटी जा. निम्म्या बायका साबुदाण्याची खिचडी खाऊन गेल्या. उपासाला चालते की! लॅबवाला आठवडाभर सरांना टाळत होता.

लोक हसायचे, सरही हसायचे. एका गोष्टीला मात्र ते हसत नसत. कुणी घाईघाईनं म्हणालं, "आमच्यात तसलं काही नाही हो," की ते त्या माणसाकडे बघत राहायचे. नंतर मला म्हणायचे, "लपवतात, बाई. घरातलं तरणं माणूस गेलेलं असतं. पण सोयरीक जमवताना अडचण नको म्हणून बोलत नाहीत." हे सांगताना त्यांचा आवाज एकदम वेगळा व्हायचा. मला वाटायचं, अभ्यासातला एक नमुना हुकला म्हणून वाईट वाटत असेल.

सरांना एकच मुलगी, अक्षता. बँकेत आहे. उंच, हसरी, आणि बापाच्या प्रश्नांतून पाहुण्यांची सुटका करण्यात तरबेज. गेल्या उन्हाळ्यात तिच्याच बँकेतला सुहास आपल्या आईवडिलांना घेऊन तिला बघायला आला. मोहोळजवळच्या एका गावातली शेतकरी माणसं. जात वेगळी, बोली वेगळी, पण पोरानं हट्ट धरला म्हणून आली होती. काकूंनी मला मदतीला बोलावलं. पोहे माझ्याकडे होते आणि सरांना आवरण्याचं काम काकूंकडे.

काकू हरल्या. पाहुण्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवायच्या आत सरांनी विचारलं, "सुहासचे आजोबा?"

सुहासचे वडील नामदेवराव मात्र मोठे शांत गृहस्थ. "आमचा बा अजून हाय की," ते म्हणाले. "रोज रानात जातोय."

"उत्तम! काका? आत्या?"

"समदी ठणठणीत. आमच्यात तसलं काय बी न्हाय."

सर त्यांच्याकडे बघत राहिले. तेवढ्यात सुहासच्या आई, शालनबाई, पदर सावरून हसत म्हणाल्या, "आमचं लई विचारलासा. आता तुमचं बी सांगा की. पोरीच्या घराण्यात काय हाय?"

आणि सर गप्प झाले.

इतक्या वर्षांत मी त्यांना कधी गप्प झालेलं पाहिलं नव्हतं. काकूंच्या हातातला चहाचा ट्रे मी घेतला. खरं तर उत्तर सोपं होतं. सरांचे वडील चांगले म्हातारे होऊन गेले, सरांचा स्वतःचा रिपोर्ट आमच्या अख्ख्या बिल्डिंगला तोंडपाठ आहे. तेवढं सांगितलं असतं तरी पाहुणे खूश होऊन उठले असते.

"माझ्या घराण्यात सगळं उत्तम आहे," सर म्हणाले. "पण ते अक्षताच्या कामाचं नाही. अक्षता आमची आहे, पण तिचं रक्त आमचं नाही. तान्ही होती तेव्हा आम्ही तिला संस्थेतून आणलं. तिला ठाऊक आहे, सुहासला तिनं सांगितलंय. तुम्हाला मी सांगायला हवं."

मला काहीच माहीत नव्हतं. हातातला ट्रे तसाच धरून मी उभी.

"ती कॉलेजला होती तेव्हा तिचं रक्त तपासलं," सर पुढं म्हणाले. "आकडा बघून डॉक्टरांनी पुन्हा तपासायला लावलं. मग मला विचारलं, हे आईकडून आलंय की वडिलांकडून? मी प्राणिशास्त्र शिकवणारा माणूस, आणि मला या एका प्रश्नाचं उत्तर देता येईना. ती रोज गोळी घेते, आता चांगली आहे, पुढंही चांगलीच राहील. पण तिचं जे कोण असेल ते इथंच कुठंतरी असणार की नाही? विणकराच्या घरात असेल, मेंढपाळाच्या असेल, कुणा रिक्षावाल्याच्या असेल. तिला सख्खा भाऊ असेल, बहीण असेल. त्यांच्याही रक्तात हे असू शकतं. त्यांना गोळी कोण देणार? त्यांना तर माहीतच नसेल. म्हणून मी विचारत असतो. दुसरं काय करणार?"

काकू रडत होत्या. मीही रडत होते, आणि त्याची मला मुळीच लाज वाटली नाही. ज्या माणसाला अख्खं जुळे सोलापूर चक्रम म्हणत होतं, तो आपल्या लेकीच्या न पाहिलेल्या भावंडांसाठी दारोदार विचारत फिरत होता.

नामदेवरावांनी टोपी नीट केली. मग "घरी बोलून कळवतो," असं म्हणून उठले. असं उत्तर आलं की काय समजायचं ते सगळ्यांना माहीत असतं. अक्षतानं सुहासकडे पाहिलंही नाही.

दारात चपला घालता घालता नामदेवराव मात्र थांबले. "सर," ते म्हणाले, "मगाशी मी खोटं बोललो."

"अवो," शालनबाई पुटपुटल्या.

"बोलू दे गं मला. माझा धाकला भाऊ औतामागं चालता चालता पडला तो उठलाच न्हाय. चाळिशी बी गाठली नव्हती. काडीगत बारीक गडी. कुणीतरी करणी केली, आसं आमी सांगतो. सोयरीक मोडंल म्हणून त्ये बी कुणाला सांगत न्हाय. तुमी एवढं खरं बोललासा, आन् मी मातुर..."

"त्यांना मूलबाळ?" सरांनी विचारलं.

"एक पोरगा हाय. मोहोळला दुकानात असतोय. त्यो बी तसाच बारीक."

"उद्या सकाळी त्याला घेऊन या. काही खायला देऊ नका, साबुदाणासुद्धा नको. आणि सुहासलाही आणा. आत्ताच स्पष्ट सांगतो, सुहासच्याही रक्तात हे निघालं तर यांच्या मुलांना ते दोन्हीकडून मिळू शकतं, म्हणून या दोघांना आधी डॉक्टरांकडे बसून बोलावं लागेल. अक्षता माझी मुलगी आहे म्हणून मी ते झाकणार नाही."

"व्हय," नामदेवराव म्हणाले. "उद्याच येतो."

ते खरंच आले. सुहासचा रिपोर्ट चांगला निघाला. त्याच्या चुलतभावाचा निघाला नाही. डॉक्टरांनी त्याला त्याच आठवड्यात गोळ्या सुरू केल्या आणि म्हणाले, बरं झालं वेळेत आलात. नामदेवरावांनी दवाखान्यातूनच सरांना फोन केला. आधी रिपोर्ट सांगितला, आणि शेवटी लग्नाची तारीख काढा म्हणाले.

त्याच संध्याकाळी अक्षता बँकेतून आली तेव्हा सर जिन्याच्या तोंडाशी तिची वाट बघत उभे होते. मी आमच्या दारात तांदूळ निवडत बसले होते.

"सापडला गं एक," ते तिला म्हणाले.

"कोण, अप्पा?"

"तुझा भाऊ नाही. पण कुणाचा तरी आहे."

अक्षतानं पर्स तिथंच पायरीवर ठेवली, त्यांचा चष्मा काढून आपल्या ओढणीनं पुसला आणि त्यांचा हात धरून त्यांना घरात घेऊन गेली.