उरकुडेकाकांची हरकत

आमच्या शेजारचे उरकुडेकाका भर डिसेंबरात कूलर लावतात.

वाचण्यात तुमची चूक झालेली नाही आणि लिहिण्यात माझीही नाही. डिसेंबरात आमच्या वर्ध्याकडे सकाळी शेकोट्या पेटतात, माणसं कानाला दुपट्टा गुंडाळून दूध आणायला निघतात, आणि अशा थंडीत हा गृहस्थ कूलरमध्ये पाणी न भरता नुसता पंखा चालू करतो आणि दोन गोधड्या अंगावर घेऊन झोपतो. बरं, कूलरही साधा नाही. देवळीच्या कारागिराकडून मुद्दाम बनवून घेतलेला, लोखंडी, माझ्या खांद्याएवढा उंच. तो सुरू झाला की आमच्या स्वयंपाकघरातली भांडी मांडणीवर वाजायला लागतात. त्यांची खिडकी आणि माझी खिडकी समोरासमोर आहे. रोज संध्याकाळी त्यांना ऐकू जाईल अशी मी माझी खिडकी धाडकन लावते. त्यांना ऐकू जात नाही, कारण कूलर.

आमचे हे म्हणतात, काकू गेल्यापासून माणूस बिघडला. मी म्हणते, माणूस आधीपासूनच असा होता. उरकुडेकाकू सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत बोलत असायच्या, त्यात काकांचं सगळं झाकून जायचं, एवढंच.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. तिथं त्यांनी काय बांधलं ते मला माहीत नाही, पण आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत, ते अडवण्याचंच काम करतात. "नेमात बसते का?" हे त्यांचं आवडतं वाक्य. कोणी रस्त्यावर चादर टाकून मिरच्या वाळवल्या, नेमात बसते का? कोणी लग्नाचा मांडव अर्ध्या रस्त्यात घातला, नेमात बसते का? एकदा एक कुत्रा त्यांच्या आणि आमच्या फाटकाच्या मधोमध आडवा झोपला होता. त्याचं तोंड आमच्या हद्दीत आणि बाकीचा त्यांच्या हद्दीत होता. तेवढ्यासाठी त्यांनी आमच्या ह्यांना झोपेतून उठवून बाहेर आणलं. लेआउटच्या मोकळ्या जागेवर लोक मंदिर बांधायला निघाले तेव्हाही त्यांनी हरकत घेतली, आणि महाप्रसादाच्या पंगतीला मात्र पहिल्या रांगेत बसले. कोणीतरी टोकलं तर म्हणाले, "माही हरकत जागेले हाय. भाजीले नाई." आणि बुंदी पुन्हा मागून घेतली.

इथपर्यंत मी हसत होते. पुढचं सांगताना मला अजून संताप येतो.

सावंगीच्या मोठ्या दवाखान्याला लागून आमचं लेआउट. तिथं नोकरी करणाऱ्या पुष्कळ पोरी इथं भाड्यानं राहतात. आमच्या वरच्या खोलीतली पल्लवी त्यातलीच, नर्स आहे. नवरा पुलगावकडे कामाला, येऊन-जाऊन असतो. तिचा सम्यक वर्षाचाही नव्हता, तेव्हा ड्युटी सुरू झाली आणि लेकरू हिंगणीला आईकडे ठेवावं लागलं. दर रविवारी ती बसनं हिंगणीला जायची. एका रविवारी परत आली ती जिन्यातच बसली. मी पाणी घेऊन गेले. म्हणाली, "मावशी, तो मले पाहून आईच्या मागं लपला."

मी जन्म अंगणवाडीत काढलेला. दुसऱ्याची लेकरं सांभाळण्यापलीकडे मला काही येत नाही आणि तेवढं मात्र चांगलं येतं. खालच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. मी त्याच दिवशी ठरवलं की इथं पाळणाघर काढायचं. पल्लवीला सांगितलं, सम्यकला घेऊन ये. ती म्हणाली, आधी परवानगी येऊ द्या, पुन्हा तोडून न्यायची वेळ आली तर मला झेपणार नाही.

घर राहण्यासाठी मंजूर झालेलं. तिथं पाळणाघर चालवायचं तर परवानगी लागते. अर्ज झाला, नकाशा झाला, मग फाटकावर नोटीस लागली: कोणाची हरकत असल्यास कळवावे. साऱ्या लेआउटमधून एकच हरकत आली. कोणाची ते सांगायला नकोच. कारण असं दिलं होतं, की रहिवासी भागात लेकरांच्या रडण्यामुळे शांतता भंग होईल.

शांतता! ज्याच्या कूलरनं माझ्या ताटवाट्या नाचतात त्या माणसाला शांतता हवी. गणपतीत डीजे लागतो तेव्हा भिंतीचा पोपडा पडतो, तिथं सगळे हात जोडतात. आणि रडायचं नाही ते लेकरानं. मी पदर खोचला आणि त्यांच्या फाटकाशी गेले.

काकांच्या फाटकाशी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या कायम मांडलेल्या असतात. भांडायला आलेल्या माणसाला ते आधी बसवतात. मग आत जाऊन चहा करून आणतात. ही तर त्यांची सगळ्यात चीड आणणारी सवय आहे, कारण हातात बशी असताना कोणालाही नीट भांडता येत नाही. तरी मी भांडले. म्हटलं, काका, तुमच्या एका कागदापायी मायलेकरांची ताटातूट होऊन राह्यली. ते लेकरू मायले वळखेनासं झालं. त्यांनी आपली बशी खाली ठेवली. मला वाटलं, विरघळले. मग म्हणाले, "चहात साखर बरोबर हाय ना?"

मी कप खुर्चीवर आपटला आणि निघून आले.

एप्रिलात जागेची पाहणी करायला साहेब आले. ऊन असं की फाटकाला हात लावायची सोय नव्हती. मी शेजारपाजारची चार पोरं मुद्दाम बोलावून ठेवली होती; म्हटलं, बघू द्या साहेबांना काय तो आवाज. ओसरीत खुर्च्या टाकल्या. काका कुंपणापलीकडे उभे राहिले, आणि त्यांच्या पाठीमागे तो लोखंडी राक्षस पूर्ण जोरात सुरू.

काका हरकत सांगायला लागले. साहेबांनी कानामागे हात धरला. काका ओरडायला लागले. त्यांच्या मानेच्या शिरा दिसत होत्या, शब्द एकही कळत नव्हता. इकडं पोरांनी एका चेंडूवरून भोकाड पसरलं होतं. ते फक्त दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. शेवटी साहेब उठून कुंपणाशी गेले आणि म्हणाले, तुमचा कूलर जरा बंद करा, म्हणजे मुलांचा आवाज किती होतो ते कळेल.

एवढं केलं असतं तर काका जिंकले असते. चारही पोरं जिवाच्या आकांतानं रडत होती. पण काका म्हणाले, "कूलर बंद नाई होत. बंद कराचा नेम दाखवा."

साहेबांनी घाम पुसला, काहीतरी लिहिलं आणि गेले. परवानगी आली तेव्हा मी लेआउटभर पेढे वाटले. काकांना दोन दिले, टोचून दिले. असा गाढवपणा मी आयुष्यात पाहिला नव्हता आणि ते मी साऱ्यांना हसून हसून सांगत होते.

पाळणाघर सुरू झालं तेव्हा नवतपा लागला होता. ते नऊ दिवस आमच्याकडे उन्हापायी पाखरूसुद्धा बाहेर दिसत नाही. सम्यक हिंगणीहून आला. आजीची सवय झालेली, त्यामुळे दिवसभर रडायचा. पल्लवी ड्युटीवर जाताना दाराआडून बघायची आणि डोळे पुसत निघायची. आणि सम्यकनं सूर लावला की पलीकडच्या खिडकीतून हाक यायची, "सुनंदाबाई!" पहिल्या दिवशी मी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. परवानगी हातात आहे, आता याला घाबरायचं काय कारण? पोरांच्या गोंगाटात कूलरकडे माझं लक्ष नव्हतं, तो चालूच असणार असं मी धरून चालले होते. असा कूलर चालू असताना तुम्हाला लेकराचं रडणं ऐकू येतं कसं, हे तोंडावर विचारायचं ठरवून मी त्यांचं फाटक ढकललं. सरळ घरात शिरले.

घरात काही आवाज नव्हता. कूलर बंद होता. काका खिडकीशी स्टूल घेऊन बसले होते, बनियन घामानं चिंब, डोक्यावर ओला दुपट्टा. आत इतकं तापलं होतं की मला घेरी येईल असं वाटलं.

"बिघडला का?" मी विचारलं.

"नाई. कूलर असला तं लेकरं आयकू येत नाई." आणि मग तेच माझ्यावर ओरडले, "थो कोन हाय, सकाळपासून रडून राह्यला? त्याले कोनी घेत काऊन नाई? असं चालवता का पाळणाघर?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंगणवाडीत जन्म काढलेल्या बाईला हा माणूस लेकरू कसं घ्यायचं ते शिकवणार! "एवढा पुळका होता तं हरकत काऊन घेतली?" मी म्हटलं. "त्या मायले रडवलं, मले हेलपाटे घालाले लावले. काऊन?"

काका खिडकीबाहेर बघत राहिले. "दिवसभर आयकाची सवय लागन," ते म्हणाले. "अन सांजच्याले सारे आपापल्या घरी जातीन. तुमची काकू गेली तवा घर एकदा चूप झालं. आता रोज होईन. मले नाई सोसत ते, बाई."

मी तरातरा घरी आले, सम्यकला कडेवर घेतलं, परत गेले आणि त्याला काकांपुढे धरलं.

काका स्टुलावरून उठले. हात पुढे केले, मागे घेतले. "हे नेमात बसते का?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

"नाई बसत," मी म्हटलं. "घ्या."

त्यांनी घेतलं. सम्यकनं त्यांच्या मिशांकडे पाहिलं आणि दुप्पट जोरानं गळा काढला. काका त्याला खांद्यावर टाकून खोलीत येरझारा घालायला लागले आणि त्याच्याहून मोठ्यानं त्याच्यावर खेकसायला लागले, की असं रडणं बरं नाही, घसा बसतो, मग रात्री मायला काय हाक मारशील. थोड्या वेळानं दोघांपैकी एकाचाच आवाज येत होता. मी कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतून तो हळू लावून दिला आणि बाकीच्या पोरांकडे आले.

संध्याकाळी पल्लवी आली. काकांच्या खांद्यावर झोपलेला सम्यक तिनं उचलून घेतला, तर तो झोपेतच तिच्या गळ्याला बिलगला. बाकीची पोरंही एकेक करून गेली. शेवटचं गेलं तसं मी दार लोटलं आणि स्वयंपाकाला लागले. तेवढ्यात पलीकडे खटका वाजला, लोखंड थरथरलं आणि कूलर पूर्ण जोरात सुरू झाला. मांडणीवरच्या वाट्या किणकिणायला लागल्या.

"झाला सुरू," आमचे हे वैतागून म्हणाले आणि सवयीनं खिडकी लावायला उठले.

मी म्हटलं, "राहू द्या उघडी."