आप्पांची थंडी

हिवाळ्यात आडाचं पाणी कोमट लागतं, एवढ्या एका कारणावरून रंगनाथ आप्पांनी आपल्याच अंगणातल्या आडाशी भांडण मांडलं होतं. संध्याकाळी घंगाळभर पाणी शेंदून ते उघड्यावर ठेवायचे आणि पहाटे, अख्खं हसनाबाद वाकळीत मुटकुळं करून पडलेलं असताना, तेच पाणी उघड्या अंगावर ओतून घ्यायचे. पहिल्या तांब्याला "हां!", दुसऱ्याला "बराबर!" आणि तिसऱ्याला "बिलकुल गारठा!" अशी पावती मिळायची. एखाद्या दिवशी तिसरी पावती ऐकू आली नाही, तर समजायचं की आज आप्पांचं डोकं फिरलेलं राहणार.

हे सगळं मला इतक्या तपशिलानं ठाऊक, कारण माझी खोली त्यांच्या अंगणाला लागून होती. निजामाचं राज्य गेलं, मराठी शाळा वाढल्या आणि मी परभणीकडून इथं मास्तर म्हणून येऊन पडलो. मला थंडीचा मनस्वी तिटकारा. दिवाळीला कानाला बांधलेला मफलर मी होळीला सोडतो. त्यामुळे आप्पांच्या लेखी माझी किंमत फार नव्हती. "गुर्जी, तुमी माणूस हायेत का गाठोडं?" असं ते रोज सकाळी मला विचारायचे, आणि रोज नव्यानं विचारल्यासारखं विचारायचे.

आप्पा साठीकडे झुकलेले, चांगल्या काळ्या जमिनीचे धनी, उंच आणि वाळकुंडे. थंडीनं धरावं तर अंगावर मांस म्हणून नव्हतं. रस्त्यात कोणी रामराम घातला तर आप्पांचं उत्तर, "थंडी बराबर हाय ना?" समोरच्यानं चुकून "आज जरा कमी वाटून राह्यली" म्हटलं, की ती यानंच चोरली असावी अशा नजरेनं ते त्याच्याकडे बघत. गव्हाला थंडी मानवते म्हणून गावातले शेतकरी अर्ध्या वाटेपर्यंत त्यांच्या बाजूनं होते. पण शेतकऱ्याला गव्हापुरती थंडी हवी असते. आप्पांना बर्फ हवा होता. पौषात आभाळ भरून आलं, हवा उबदार झाली, की अंगणात उभे राहून ते वर तोंड करून ओरडायचे, "हिवाळ्यात उन्हाळा! हरामखोरी हाय ही!"

माई, म्हणजे त्यांची बायको, आतून म्हणायची, "हळू बोला. देव ऐकंल."

"ऐकू दे. त्याच्यासाठीच बोलून राह्यलो."

आता थर्मामीटरचं सांगतो. आप्पांनी ओळखीच्या एका कंपाउंडरकडून थर्मामीटर पैदा केला होता, पण तो होता ताप बघायचा. काखेत धरतात तो. आप्पांनी तो अंगणातल्या लिंबाच्या खोडाला सुतळीनं बांधला. त्याच्यावर पंच्याण्णवच्या खाली आकडेच नव्हते, त्यामुळे हसनाबादेत थंडी कितीही पडो, पंच्याण्णवच्या खाली जायची तिची टाप नव्हती. दुपारी खोडावर ऊन आलं की पारा शंभरावर जाऊन बसायचा, आणि अशा थर्मामीटरचा पारा आपण होऊन काही उतरत नाही. आकडे इंग्रजी असल्यामुळे ते वाचायला पहाटे मला उठवण्यात येई. मी दात वाजवत, मफलर सावरत लिंबाखाली उभा, आणि पारा शंभरावर.

"शंभर," मी म्हणायचो.

"म्हंजे गावाला कणकण हाय," आप्पा गंभीरपणे म्हणायचे. मग सुतळी सोडून, कंपाउंडरनं शिकवल्याप्रमाणे, थर्मामीटरला तीन-चार जोरदार झटके द्यायचे. "आता?"

"पंच्याण्णव."

"बघा! पडली का न्हाई थंडी?"

अशी हसनाबादची थंडी दररोज झटकून पाडावी लागे. आप्पा, हा माणसाचा ताप बघायचा थर्मामीटर आहे, हवेचा वेगळा असतो, असं मी एकदा धीर करून सांगितलं. ते म्हणाले, "माणसाचा ताप कळतो अन् गावाचा कळत न्हाई? गावात काय नुसती जनावरं ऱ्हातेत?" मी मफलर आवळला आणि पुन्हा आकडा वाचायला वाकलो.

या सगळ्या येडेपणाच्या मुळाशी त्यांची लेक होती, आणि ही गोष्ट गावात कोणापासून लपलेली नव्हती. कुसुम त्यांची एकुलती एक. तिचा नवरा सडक खात्यात ओव्हरसियर, घराणं औरंगाबादचं, पण नोकरी थेट सिमल्याच्या पलीकडं, डोंगरात. तीन वर्षांपूर्वी ते सगळे इथं आले होते ते नेमके वैशाखात. नात तेव्हा वर्षाची. तिच्या अंगभर घामोळं उठलं, तापानं फणफणली. जावईबापू पाचव्याच दिवशी बायको-मुलीला घेऊन माघारी निघाले आणि मोटारीत चढता चढता म्हणाले, "तुमच्या गावालाच थर्मामीटर लावायला पाहिजे! पोरीला पुन्हा इथं आणणं नाही." चिडलेल्या बापाचं बोलणं ते. आप्पांनी मात्र ते अक्षरशः मनावर घेतलं आणि गावाला थर्मामीटर लावला.

तेव्हापासून कुसुमची फक्त पत्रं यायची. पत्रात बर्फच बर्फ. बर्फ फार सुंदर दिसतो, मला थंडी छान मानवली आहे, माझी काळजी करू नका. आप्पा ते मला वाचून दाखवायचे आणि माझ्यासमोरच उत्तर लिहायचे: आमच्याकडेही थंडी काही कमी नाही. सकाळी घंगाळातल्या पाण्याचा बर्फ होतो. जावईबापूंच्या कानावर घालणे.

"आप्पा, पाणी कधी गोठलं?" मी विचारायचो.

"गोठंल. दम धरा."

आणि त्या हिवाळ्यात पत्र आलं की आम्ही येतोय. संक्रांतीला. मात्र खाली जावईबापूंच्या हातच्या दोन ओळी होत्या. आपण लिहिता तशी थंडी खरोखर असल्यास पंधरा दिवस राहू. नसल्यास त्याच मोटारीनं परत फिरू. माईनं त्या दिवशी तीळ निवडायला घेतले. आप्पांनी पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. त्यांना स्वतःला वाचता येत होतं, तरीही.

भोगीला चार दिवस उरले आणि आभाळ आलं. पूर्वेकडून आलं, गुमान डोक्यावर येऊन बसलं आणि थंडी पार पळाली. मी मफलर काढला, यावरून काय ते समजा. आप्पा दिवसातून दहादा अंगणात येऊन आभाळाला शिव्या घालत; चौथ्या दिवशी आभाळ फाकलं, तर थंडी परत यायच्या ऐवजी फाल्गुनातल्यासारखं रखरखीत ऊन पडलं. लोक धोतराच्या सोग्यानं वारा घेऊ लागले. आप्पा शिव्या द्यायचेही थांबले. ओट्यावर गप बसून राहिले, आणि त्यांचं ते गप बसणं मला बघवेना. या माणसाची मी इतके दिवस मनातल्या मनात टिंगल केली होती, त्याची मला लाज वाटली.

संध्याकाळी ते उठून मारुतीच्या पारावर गेले आणि जमलेल्या लोकांना हात जोडून म्हणाले, "उद्या दुपारी मोटार येतीय. गावाची लेक येऊन राह्यली. दोन घंटे थंडी वाजू द्या, बस. माझं दुसरं मागणं न्हाई."

मग किसन पैलवान, गावातला सगळ्यात धिप्पाड गडी, म्हणाला, "कुसुमबाईसाठी ना? मंग वाजंल थंडी. लई वाजंल."

दुसऱ्या दिवशी दुपारी हसनाबादच्या मोटारस्टँडवर जे दृश्य होतं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. डोक्यावर सूर्य आग ओकतोय, आणि खाली भली मोठी शेकोटी पेटवून पन्नासएक माणसं डोक्यावरून घोंगड्या घेऊन तिच्याभोवती बसलेली. मला मफलर, वर कानटोपी, वर माईची शाल. किसनच्या अंगातून घामाच्या धारा लागलेल्या, तरी तो इमानानं हुडहुडत होता. आप्पा सगळ्यांमधून फिरत होते. "दात वाजवा, दात! किसन, तुझं बराबर हाय. गुर्जी, तुमी जरा वाकून बसा." थर्मामीटर त्यांनी जावईबापूंना दाखवायला कोपरीच्या खिशात ठेवला होता, आणि मधूनमधून ते स्वतः शेकोटीपाशी उभे राहून पाठ-पोट शेकत होते.

मोटार आली. ड्रायव्हरनं मान बाहेर काढून आमच्याकडे पाहिलं आणि ओरडला, "अरे देवा! अख्ख्या गावाला हिवताप झाला का काय?"

पुढच्या दारातून जावईबापू उतरत होते. ते जागच्या जागी थिजले. भर उकाड्यात घोंगड्या पांघरून थडथडणारी पन्नास माणसं. दुसरं काय वाटणार? "कुसुम, खाली उतरू नकोस! पोरीला खिडकीपासून लांब घे! इथं हिवतापाची साथ आहे!"

"साथ न्हाई, जावाईबापू, थंडी हाय! थंडी!" आप्पा धावले.

"एवढ्या उकाड्यात?"

"हे यंतर बघा ना! आकडा बघा!" म्हणून आप्पांनी खिशातला थर्मामीटर काढून त्यांच्या हातात दिला. झटकायचा राहून गेला होता.

"एकशे आठ!" जावईबापू पांढरे पडले. "हा कोणाचा ताप?"

"गावाचा," आप्पा म्हणाले.

त्यानंतर काही समजावणं शक्य नव्हतं. टपावरून उतरवलेली ट्रंक पुन्हा टपावर चढली. किसन मदतीला पुढं आला तर जावईबापू चार पावलं मागं सरकले. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. आणि आप्पा मोटारीच्या पुढं जाऊन उभे राहिले. त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

"जावाईबापू, हिवताप न्हाई. सोंग हाय. मी सांगितलं म्हनून लोकं बसलेत. थंडी न्हाई हितं. पाणी बी कधी गोठलं न्हाई. मी खोटं लिव्हलं. तीन वरसं झाली लेक दिसली न्हाई, म्हनून लिव्हलं."

घोंगड्या एकेक करून खाली आल्या. कोणाला कुठं बघावं कळेना.

तेवढ्यात कुसुम मोटारीतून उतरली. कडेवर लोकरीचा एक गठ्ठा, त्यातून दोन डोळे लुकलुकताहेत, ती नात. कुसुमनं तिला गर्दीतून पुढं आलेल्या माईच्या हातात दिलं, स्वतःचा जाडजूड कोट काढला, पायातले बूट काढले, मोजे काढले आणि अनवाणी त्या तापलेल्या धुळीत उभी राहिली. डोळे मिटून. पायाची बोटं सुजलेली, लालनिळी झालेली, दोन-तीन ठिकाणी चिरलेली.

"आप्पा," ती म्हणाली, "मी पण खोटंच लिव्हलं. मला न्हाई सोसत तिथलं."

जावईबापू तिच्या पायांकडे बघत राहिले. "मला का नाही बोललीस?"

"तुमची नोकरीच तिथं. सांगून काय करू?"

ते वाईट माणूस नव्हते. कोणालाही हाक न मारता स्वतः टपावर चढले आणि ट्रंक खाली घेऊन आले. नातीची लोकर उतरवली तेव्हा आतून एक चिमुरडी निघाली आणि थेट कोंबड्यांच्या मागं पळाली. मोटार मोकळीच पुढं गेली. किसननं अंगावर बादलीभर पाणी ओतून घेतलं आणि तो ओरडला, "बिलकुल गारठा!" मग मात्र सगळा गाव हसला. जावईबापूही हसले.

दुपार कलताना मी अंगणात आलो, तर कुसुम बाजेवर उन्हात पाय पसरून बसलेली आणि आप्पा खाली बसून तिच्या पायांना कोमट तेल चोळताहेत. बापानं असं करू नये म्हणून ती पाय ओढून घेत होती, आणि आप्पा सोडत नव्हते.

"पण आप्पा, तुमाला कधीपासून थंडी आवडाया लागली?" ती म्हणाली. "माई सांगती, आता तर गार पाण्यानं आंघोळ करता. आधी तर दसऱ्यापासून कान बांधून हिंडायचे."

आप्पा तेल चोळत राहिले. "मला कुठं आवडती," ते म्हणाले. "तू तिकडं बर्फात अन् मी हितं वाकळीत. झोपच येईना बाई."

कुसुमनं तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते, आणि मी तिथून निघून जायला हवं होतं. पण माझा पाय निघेना. तिचा दुसरा पाय हातात घेत आप्पांनी विचारलं, "अन् मंग पुन्हा तिकडंच जायचं?"

"जायचं तर हायच, आप्पा."

"मंग तवर बस उन्हात," आप्पा म्हणाले, आणि आपली सावली तिच्या पायांवर पडत होती म्हणून जरा बाजूला सरकून बसले.