टाका ओढून बघायचा

बायकोचा पाय मुरगळला आणि जुनी शिलाई मशीन निवडून आणायची जबाबदारी हेडक्लार्कवर येऊन पडली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी सगळे त्यांना हेडक्लार्कच म्हणत. खरेदीच्या बाबतीत त्यांचा लौकिक मात्र बरा नव्हता. त्यांनी आणलेली छत्री उघडली की मिटत नसे आणि आणलेली खुर्ची मिटली की उघडत नसे. म्हणून बायकोनं पाय उशीवर ठेवून, पडल्या पडल्या, सात कलमांची चिठ्ठी लिहून दिली.

"एकही कलम गाळायचं नाही. सोमवारी दातांच्या डॉक्टरीणबाईंचा कोट द्यायचाय. तो पसंत पडला तर आख्ख्या दवाखान्याचे कोट माझ्याकडे येणार. आणि आपली मशीन तर कामातून गेली."

"अगं, बत्तीस वर्षं फायली तपासल्यात मी."

"फायली अंगात घालून कुणी आरशासमोर उभं राहत नाही."

हेडक्लार्कनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि शेरे लिहायला पेन घेतलं.

कलम १. आपलं मऊ कापड न्यायचं. विकणारे कडक कापडावर शिवून दाखवतात, त्यावर कुठलीही मशीन गुणी वाटते.

शेरा: दाराला लटकलेली चिंध्यांची पिशवी सोबत नेली.

(दाराला पिशव्या दोन होत्या. हे चिठ्ठीत नव्हतं.)

कलम २. विकणाऱ्याला विचारायचं, मशीन कुणी, किती वापरली.

विकणाऱ्या बाई भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांची थोरली बहीण लेकीकडे कायमची राहायला गेली आणि मागं दोन हातमशिनी ठेवून गेली. एक काळी, अंगावर ओरखडे, आवाज असा की शेजारच्या खोलीत कुणी खडी फोडतंय. दुसरी हिरवी, चकचकीत.

"ताई जन्मभर काळीवरच शिवायची," बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या. "हिरवीला हात लावायची नाही. का ते देव जाणे. मला शिवणातलं ओ की ठो कळत नाही."

शेरा: काळी अतिवापरलेली. हिरवी नव्यासारखी.

कलम ३, ४, ५. चाक अडकतं का, सुई डुगडुगते का, आत गंज आहे का.

शेरा: नाही. नाही. नाही. (दोन्हींना लागू.)

कलम ६. सरळ शिवून बघायचं. मग कोपऱ्यावर वळवून बघायचं.

ताईंनी दोन्ही मशिनींत दोरा ओवून ठेवलेला होता, ही देवाची कृपा. हेडक्लार्कनी पिशवीतून पांढरे तुकडे काढले. चिंध्या असून कडा कशा सरळ कापलेल्या! बायकोचं काम नीटनेटकं, याचं त्यांना कौतुक वाटलं. दोन मोठे तुकडे एकावर एक ठेवून हिरवीवर त्यांनी लांबलचक शिलाई मारली. मशीन हूं की चूं करेना.

कोपऱ्यासाठी त्यांनी काळी घेतली. एक लांबट तुकडा, त्यावर एक चौकोनी तुकडा.

"तिरका लागलाय," बाई चष्म्यातून म्हणाल्या.

"परीक्षा मशीनची आहे, माझी नाही."

खडखड, एक बाजू. वळण. खडखड, दुसरी बाजू. वळण. तिसरी. चौथी सुरू व्हायच्या आत दोरा संपला.

शेरा: तीन बाजू समाधानकारक. चौथी दोऱ्याअभावी प्रलंबित.

कलम ७. टाका ओढून बघायचा.

एवढंच लिहिलेलं. ओढल्यावर काय व्हायला हवं, ते बायकोनं लिहिलं नव्हतं, कारण ते शेंबड्या पोरालाही कळतं असं तिला वाटत होतं.

हेडक्लार्कनी काळीचा टाका ओढला. हलेना. नखानं ओढला, पेनाच्या टोकानं ओढला. ढिम्म! मग हिरवीचा ओढला, तर सरसर सरसर सगळा दोरा हातभर बाहेर आला. ते घाबरून थांबले. अर्धी शिलाई पुराव्यासाठी ठेवायला हवी होती.

"कुठलं चांगलं म्हणायचं हो यातलं?" बाईंनी विचारलं.

हेडक्लार्कनी डोळे मिटले. तीस वर्षांचा संसार त्यांच्या डोळ्यांपुढून गेला. त्यात बायको खिडकीशी बसून, दातात दोरा धरून करवादत होती, "उसवता उसवत नाही मेलं!" दर आठवड्याला निदान एकदा. तिचं दुखणं हेच तर होतं!

"हिरवी," ते म्हणाले. "उसवायला सोपी."

"असं असतं होय!" भूगोलाच्या बाईंना नवीनच माहिती मिळाली.

*

हिरवी मशीन टेबलावर विराजमान झाली. बायको लंगडत आली, चाक फिरवून बघितलं, आत डोकावली आणि चक्क म्हणाली, "बरी दिसतेय की!"

हेडक्लार्कची छाती फुगली. "आता नमुने बघ," म्हणत त्यांनी पिशवी उपडी केली.

बायकोनं एक तुकडा उचलला, दुसरा त्याला लावून बघितला.

"अहो."

"काय?"

"हा डॉक्टरीणबाईंचा कोट आहे."

"चिंध्या आहेत त्या."

"ही पाठ. हा पुढचा भाग. ही बाही. कापून ठेवला होता मी!"

तिनं पाठीची शिलाई धरून झटका दिला. उरलासुरला दोरा तिच्या हातात आला.

"असला टाका बघून तुम्ही मशीन घेतलीत?"

"तूच म्हणतेस ना, उसवता उसवत नाही म्हणून."

बायकोनं त्यांच्याकडे बघितलं. मग बॉबिनची डबी बाहेर काढली आणि तिच्यावरचा बारीक स्क्रू किंचित आवळला. दोन ओळी शिवल्या, ओढल्या. टाका जागचा हलला नाही.

"स्क्रू ढिला होता," ती म्हणाली. "वाचलात."

पण बाही वाचली नाही. काळीचा टाका ब्लेडलाही दाद देईना. दोन टाके कापले तर कापडाचे धागे सुटायला लागले. जास्तीचं कापड नव्हतं, दुकान सोमवारपर्यंत बंद. शेवटी तिनं तो तिरका चौकोन होता तसा बाहीवर राहू दिला. चौथी बाजू उघडीच होती, म्हणजे तो खिसा होता. दंडावरचा, डावीकडे कललेला खिसा.

"मी सांगतो त्यांना, चूक माझी म्हणून," हेडक्लार्क म्हणाले.

"तुम्ही घरातून हलू नका."

सोमवारी ती पाय ओढत एकटीच गेली. डॉक्टरीणबाईंनी कोट चढवला, आरशात पाहिलं आणि दंडाला हात लावला.

"हे काय?"

बायको चाचरली. "ते... खिसा..."

डॉक्टरीणबाईंनी त्यात पेन अडकवलं. वाकल्या. आणखी वाकल्या. पेन जागच्या जागी!

"अहो, छातीच्या खिशात पेन ठेवलं की वाकताना पेशंटच्या तोंडावर पडतं! परवा एकानं ते चावलं. तुम्हाला सुचलं कसं?"

"सुचलं आपलं," बायको म्हणाली.

"अकरा कोट द्या मला. खिसा सगळ्यांना इथंच. आणि असाच तिरका हं, सरळ केलात तर पेन निसटेल."

घरी येऊन ती कापायला बसली. पहिला खिसा सरळ आला. दुसरा तिनं मुद्दाम वाकडा लावला, तो कोपऱ्यात येऊन सरळ झाला. तीस वर्षांचा हात, ऐकेना. तिसऱ्यांदा उसवून झाल्यावर तिनं पेपरामागं बसलेल्या नवऱ्याला हाक मारली.

"अहो, या इकडं. बसा मशीनवर."

संध्याकाळपर्यंत हेडक्लार्कनी चार खिसे लावले. पाचव्याला त्यांनी जीभ बाहेर काढून, श्वास रोखून, अगदी जीव ओतून शिवलं.

बायकोनं तो उजेडात धरला.

"सरळ आलाय," ती म्हणाली. "लक्ष कुठं असतं हो तुमचं?"