एका घरातून एकच माणूस

हेमांगीने सोमवारी सकाळी दुकानाच्या काचेवर पाटी लावली. जळगावच्या नव्या पेठेतल्या कॉम्प्लेक्समध्ये दुसऱ्या मजल्यावर तिचं 'हेमांगी ग्राफिक्स' होतं. लग्नपत्रिका, केळीच्या वेफर्सची पाकिटं, क्लासची पत्रकं, वाढदिवसाचे बॅनर, सगळं ती एकटीच करायची. पाटीवर तीन ओळी होत्या: एका घरातून एकच माणूस बोलेल. बदल दोनदाच होतील. सहाला दुकान बंद.

या तीन ओळींमागे पंधरा दिवसांचा अभ्यास होता. उजवं मनगट सुजलं म्हणून ती डॉक्टरांकडे गेली होती. काम निम्मं करा नाहीतर कामाला माणूस ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. भुसावळला रेल्वेत असलेला नवराही तेच म्हणाला, की अजून एक डिझायनर ठेव. हेमांगी मात्र ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणारी नव्हती. तिने वही केली आणि पंधरा दिवस प्रत्येक फोनची वेळ, विषय आणि बोलणारा लिहून काढला. नऊ तासांच्या दिवसात डिझाइनला जेमतेम तीन तास दहा मिनिटं लागत होती. उरलेला वेळ "जरा वर घ्या" आणि "जरा खाली घ्या" यात जात होता. त्यातही गंमत अशी, की वर घ्या म्हणणारे वडील असायचे आणि खाली घ्या म्हणणारे काका. दोनशे चौदा फोनांपैकी एकशे एकतीस फोन ज्यांनी काम दिलंच नव्हतं त्यांचे होते. निष्कर्ष सरळ होता. काम जास्त नव्हतं, माणसं जास्त होती.

घाईचं कारण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होतं. धुळ्याला आई तीन वर्षं वाट पाहत होती. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात आणि नेमक्या त्याच दिवसांत जळगावातल्या प्रत्येक घराला पत्रिका हवी असते. मागची तीनही वर्षं हेमांगी "बघते" म्हणाली होती. या वर्षी तिने चार दिवसांचं वचन दिलं होतं, तेही लॅपटॉप न घेता. आई फक्त "बरं" म्हणाली. त्या "बरं" मध्ये विश्वासाचं प्रमाण किती होतं, हे मोजायला वही लागत नव्हती.

पाटीने काम केलं. फैजपूरचा वेफर्सवाला दोन बदलांत आटोपला. एका क्लासच्या सरांनी कुरकुर केली, पण ऐकलं. अकरा दिवस हेमांगी सहाला निघाली. पहिल्या दिवशी नवऱ्याने कॉम्प्युटर बिघडला का म्हणून विचारलं.

बाराव्या दिवशी पारोळ्याकडून एक जीप आली आणि त्यातून सात माणसं जिना चढून वर आली. पुढे भिका आबा, म्हणजे नवरदेवाचे वडील. त्यांच्या मागे त्यांचे थोरले भाऊ पंडित नाना. मुलाचं, राजदीपचं, लग्न मे अखेरीला होतं. सगळ्यांनी मिळून पाटी वाचली.

भिका आबांचं म्हणणं, मुलगा माझा, मी बोलेन. पंडित नानांचं म्हणणं, घरातल्या पत्रिका आजोबांच्या वेळेपासून थोरल्याच्या तोंडून गेल्या आहेत. दोघेही हे भांडणाच्या आवाजात बोलले नाहीत, त्यामुळे प्रकरण जास्त गंभीर वाटलं. मग सातही जण जिन्यात गेले. पायऱ्यांवर बैठक बसली. खालच्या मोबाईलवाल्याने चहा पाठवला. चाळीस मिनिटांनी मंडळी परत आली तेव्हा सगळ्यांचे चेहरे उजळले होते.

"पोरी," पंडित नाना म्हणाले, "आम्हना घरना एक मानूस तूच शे."

हेमांगीला आधी कळलंच नाही. भिका आबांनी समजावून सांगितलं. घरातला कोणीही निवडला तरी अर्धं घर रुसणार. हेमांगी कोणाच्या बाजूची नाही, शिकलेली आहे, शिवाय धुळ्याकडची म्हणजे अहिराणीही कळते. ती म्हणेल ते सगळ्यांना मंजूर.

हेमांगीने पाटी पुन्हा वाचली. एका घरातून एकच माणूस. तो माणूस कोण असावा, हे तिने लिहिलंच नव्हतं. नियम तंतोतंत पाळला गेला होता आणि ज्याने नियम पाळला त्याला नाही म्हणण्याची सोय तिने कुठेच ठेवली नव्हती. तिने हो म्हटलं. खरं सांगायचं तर तिला थोडं बरंही वाटलं होतं.

हे बरं वाटणं दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊपर्यंत टिकलं. घरातल्या एका माणसाचा नंबर एव्हाना घरातल्या सगळ्या माणसांकडे पोहोचला होता. पहिला फोन सुरतेच्या मामांचा आला, की नावापुढे 'उद्योजक' टाका. दुसरा त्यांच्या साडूंचा, की मामांच्या नावापुढे 'उद्योजक' असेल तर आमच्याही टाका. लहान मुलांच्या नावांची जी 'किलबिल' पत्रिकेच्या तळाला असते, तिच्यासाठी चौदा मुलांच्या जन्मतारखा आल्या. एका काकूंची सून बाळंतपणाला गेली होती. लग्नाच्या आत काय होईल ते होईल, तुम्ही किलबिलमध्ये जागा सोडून ठेवा, असा त्यांचा निरोप होता. दोन चुलत घरांचं बोलणं बंद होतं, त्यांची नावं एका ओळीत नको होती. एकाखाली एक चालतील का, यावर दोन्ही घरांनी एकमेकांना न विचारता एकच उत्तर दिलं: आम्ही वर असू तर चालतील.

हेमांगीने भिंतीवर मोठा कागद लावला आणि त्रेसष्ट नावं लिहिली. कोण कोणाचा कोण, हे काळ्या रेघांनी आणि कोण कोणाशी बोलत नाही, हे लाल बाणांनी दाखवलं. कागद जीवशास्त्राच्या पुस्तकातल्या अन्नसाखळीच्या आकृतीसारखा दिसू लागला, फक्त इथे प्रत्येक जण दुसऱ्याला खाणारा होता. स्वतःच्या सासरच्या माणसांची नावंही तिला इतकी पाठ नव्हती. मनगट पुन्हा सुजलं आणि पट्टा बांधावा लागला. वेफर्सवाल्याचं नवं पाकीट आठवडाभर मागे पडलं. धुळ्याहून आईचा फोन आला, की कोणत्या गाडीने येतेस. हेमांगीच्या तोंडून "बघते" निघून गेलं. पलीकडून आईने फोन ठेवून दिला. ती रागावून काही बोलली असती तर परवडलं असतं, असं हेमांगीला दिवसभर वाटत राहिलं.

दोन बदलांचा नियम घरच्या माणसाला कोणी लावत नव्हतं. नवव्या नमुन्यात भिका आबांचे जावई पंडित नानांच्या जावयांच्या वर गेले आणि पंडित नाना थेट दुकानात आले. ते ओरडले नाहीत. खुर्चीवर बसून त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली.

"परका मानूसनी करं असतं तर काय बोलनं नव्हतं," ते म्हणाले. "तू ते घरनी शे."

चहा न घेता ते निघून गेले. आपल्या ग्राहकाने आपल्यावर रुसावं, अगदी सख्ख्या भाचीवर रुसतात तसं, हे हेमांगीच्या वहीत कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. आखाजीला सहा दिवस राहिले होते.

ती भिंतीवरच्या कागदासमोर उभी राहिली. इतके दिवस ती लाल बाण कुठे आहेत ते पाहत होती. आता ते कुठे नाहीत, ते पाहू लागली. त्रेसष्ट नावांमध्ये एकच नाव असं निघालं, ज्याच्याकडे एकही लाल बाण जात नव्हता. द्रौपदाबाई, दोन्ही भावांची थोरली बहीण, विधवा, मुक्काम जळगावातच पिंप्राळ्यात. तिने वही काढून पाहिली. अकरा दिवसांत त्या घरातून एकशे सदतीस फोन आले होते. द्रौपदाबाईंचा एकही नव्हता.

मग हेमांगीनेच त्यांना फोन केला.

द्रौपदाबाई दुपारी रिक्षाने आल्या. दुसरा मजला चढायला त्यांना वेळ लागला, पण वर आल्यावर त्यांनी खुर्ची मागितली नाही. भिंतीवरचा कागद पाहून झाला. हेमांगीने पत्रिका वाचून दाखवायला सुरुवात केली. बत्तिसाव्या नावाला त्यांनी हात वर केला.

"ही पत्रिका शे का मतदार यादी?"

नंतरचं काम पंचवीस मिनिटांत झालं. वयाने मोठा वर, धाकटा खाली. दहा नावं आणि त्यांच्याखाली समस्त परिवार. 'उद्योजक' कोणीच नाही. किलबिल राहू द्या, पोरं नाव शोधतात. जे अजून जन्मलं नाही, त्याला वाचता येत नाही. मग त्यांनी हेमांगीच्या फोनवरून एकेका भावाला सांगितलं, "पत्रिका व्हई गयी. मी करी." दोन्ही वेळा पलीकडचं बोलणं दोन-तीन सेकंदांचंच होतं.

"अक्का, ते काहीच कसं बोलले नाहीत?" हेमांगीने विचारलं.

द्रौपदाबाईंनी सांगितलं, की आई शेतात जायची तेव्हा दोघांना भरवायचं काम त्यांच्याकडे होतं. तोंडात घास असला, की माणूस कमी बोलतो. ती सवय मोडलेली नाही.

चहा आला. त्याच वेळी फोन वाजला. क्लासचे सर होते, नव्या पत्रकाचा रंग तिसऱ्यांदा बदलायचा होता. हेमांगी मनगट सावरून फोन घेणार, एवढ्यात द्रौपदाबाईंनी तो उचलला, ऐकून घेतलं, काचेवरच्या पाटीकडे बोट करून हेमांगीला काहीतरी विचारलं आणि म्हणाल्या, "दोनदा बदल व्हई गया ना? मंग?"

फोन ठेवला. दोन मिनिटांनी सरांचा मेसेज आला: आहे तो रंग छान आहे.

हेमांगीने चहाचा कप खाली ठेवला. डॉक्टर, नवरा, सगळे म्हणत होते, की अजून एक डिझायनर ठेव. डिझायनर आला असता तर तोही वर घेत आणि खाली घेत बसला असता. तिला डिझाइन काढणारा माणूस नको होता. तिला लोकांना थांबवणारा हवा होता. तिने तिथेच विचारलं. द्रौपदाबाईंनी दोन अटी घातल्या: कॉम्प्युटरला हात लावणार नाही आणि चहात आलं पाहिजे.

चारच दिवसांत दुकानाचा नूर पालटला. जिन्यात बैठका भरेनात. वेफर्सचं पाकीट छापायला गेलं. पंडित नाना पत्रिका न्यायला आले, बहिणीला खुर्चीत पाहून दारातच थबकले आणि हेमांगीने न विचारताच म्हणाले, की आमचे जावई खाली आहेत तेच बरं दिसतं. आखाजीच्या आदल्या दिवशी हेमांगीला राहवेना. आपण माहेरी जायचं आणि या वयाच्या बाईला दुकानात बसवायचं? तिने विचारलं, अक्का, तुम्हाला भावांकडे जायचं नाही का?

"या पत्रिकामा दोन्ही भाऊ देखीसन मन भरी गयं," द्रौपदाबाई म्हणाल्या. "मी आठेच बरी. तू जाय. आनी तो फोन आठे ठेव."

दुकानाचा नंबर हेमांगीच्या फोनमध्ये होता, म्हणून फोनही दुकानातच राहिला. ती धुळ्याला पोहोचली. आईने निंबाला झोका बांधून ठेवला होता. पहिला दिवस आमरस, सांजोऱ्या आणि झोपेत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती तग धरून होती. मग तिच्या मनात आलं, की वेफर्सच्या पाकिटावरचा हिरवा रंग छपाईत काळपट तर येणार नाही ना? फक्त एवढंच विचारायचं. झोक्यावर बसूनच तिने आईच्या फोनवरून स्वतःचा नंबर लावला.

"हेमांगी ग्राफिक," पलीकडून आवाज आला.

"अक्का, मी हेमांगी बोलतेय. ते पाकीट..."

आवाज ओळखला गेला होता, यात शंका नव्हती.

"हेमांगी आखाजीले माहेर गयी शे," द्रौपदाबाई म्हणाल्या. "परवा फोन करा."

फोन बंद झाला. आई ताटात कैरीच्या फोडी घेऊन अंगणात आली आणि कोणाचा फोन म्हणून तिने विचारलं.

"दुकानाचा," हेमांगी म्हणाली. "मी तिथे नाहीये म्हणे."

"मग खरंच आलीस तर," आई म्हणाली. "सरक जरा."