मिठाची चोरी आणि एक्केचाळिसावी ओळ

"मी गुन्हेगाराच्या मागे धावत नाही, गियान्तो. मी नुसता खुर्चीत बसतो. शेवटी गुन्हेगारालाच राहवत नाही."

हे वाक्य पाक कुंचोरो, म्हणजे कुंचोरोसाहेब, मला दर सोमवारी ऐकवतात. सोलो शहरातल्या आमच्या तीन खुर्च्यांच्या सॉफ्टवेअर कंपनीचे ते मालक. पण कार्डावर त्यांनी 'मालक' छापलेलं नाही, 'प्रोग्राम-गुप्तहेर' छापलंय. कुठल्याही प्रोग्राममधला एक स्वल्पविराम पाहून तो लिहिणाऱ्यानं त्या दुपारी काय खाल्लं होतं, हे आपण सांगू शकतो, असा त्यांचा दावा आहे. आजवर तीन वेळा त्यांनी ते सांगितलं आणि तिन्ही वेळा बरोबर निघालं. उत्तर होतं, भात. जावा बेटावर हे उत्तर चुकवायला फार मोठी अक्कल लागते.

तर आमच्याकडे काम आलं ते बू सार्जींचं; 'बू' म्हणजे बाई. बू सार्जी लग्नाच्या जेवणावळी करतात, आणि येत्या रविवारी त्या माझ्या सासूबाई होणार होत्या. त्यांच्या स्वयंपाकघरात पायथनमध्ये लिहिलेला एक जुना प्रोग्राम आहे. पाहुणे किती ते सांगा, की कोठीसाठी चिठ्ठी छापून येते: कोंबडी इतकी, गाजर इतकं. सात-आठ जणांचे हात त्याला लागले होते, आणि कुठे आकडा यायचा नि कुठे शब्द, हे कुणीही लिहून ठेवलं नव्हतं. फडताळात पन्नास डबे आणि एकावरही नाव नाही, तशी गत. आम्ही प्रत्येक डब्यावर नाव चिकटवायचं होतं. याला टाइप हिंट म्हणतात. मग तपासनीस म्हणून एक वेगळा प्रोग्राम ही नावं वाचतो आणि मिठाच्या डब्यात साखर दिसली की ओरडतो.

वरवर पाहता हे काम होतं, पण खरी होती ती परीक्षा. आमच्या सोलोत परक्याशी गोड बोलतात आणि खरं फक्त घरच्यालाच सुनावतात. बू सार्जी आपल्या मुलांना "ले, ऊठ मेल्या!" म्हणायच्या. 'ले' म्हणजे पोरा. मला मात्र "मास गियान्तो, आपण बसावं, आपण दमला असाल." 'मास' म्हणजे अदबीचं 'भाऊ'. दोन वर्षं मी त्या 'आपण'च्या पलीकडे सरकलो नव्हतो. जन्मभर सासुरवाडीत पाहुणा म्हणून राहायची माझी तयारी नव्हती.

आम्ही सगळी नावं चिकटवली. तपासनीस चालवला. एकच लाल ओळ आली.

"खबरी!" पाक कुंचोरो गरजले. "वाचू नकोस! आपण होऊन इतकं स्पष्ट सांगतो तो माणूस खोटारडा असतो."

"पण पाक, तो माणूस नाहीये."

"म्हणजे तर जास्तच संशयास्पद."

आणि त्यांनी खबऱ्याचं तोंड बंद केलं. कुठेही आकडा सापडला नाही तर शून्य धरावं, अशी तरतूद त्यांनी प्रोग्राममध्ये करून टाकली. लाल ओळ नाहीशी झाली. त्या आनंदात त्यांनी स्वतःला बर्फाचा चहा पाजला, मला बघू दिला.

गुरुवारी बू सार्जींनी लग्नाच्या सूपाची चव घ्यायला घरातली वडीलधारी मंडळी बोलावली. सगळ्यांनी एकेक घोट घेतला. "अगदी हलकं," मामा म्हणाले. "तब्येतीला चांगलं," आत्या म्हणाल्या. वाट्या भरलेल्याच राहिल्या. मी चाखलं, तर गाजराला कुणीतरी गरम पाण्यानं आंघोळ घातली होती. मिठाचा कणही नव्हता.

चिठ्ठीवर छापलं होतं, मीठ: शून्य. ढवळणारी बाई म्हणाली, "छापील चिठ्ठीला उलटून कसं बोलायचं? पण एक आहे, पूर्वी चिठ्ठी हातभर लांब यायची. आता वीतभर येते."

"गप्प! सुगावे बिघडवू नका," पाक कुंचोरो म्हणाले.

बू सार्जींनी माझ्याकडे पाहून हसून मान हलवली. "राहू द्या, मास गियान्तो. रविवारी मी माझ्या अंदाजानं करीन. आपण फार त्रास घेतलात." मी समजलो. माझा निकाल लागला होता.

शुक्रवारी तपास सुरू झाला. पहिला तर्क: जुना प्रोग्रामर सिगित, जो नोकरी सोडून नूडल्सची गाडी लावून बसला होता. सूडच! आम्ही गाडीवर गेलो. पाक कुंचोरोंनी दोन वाट्या नूडल्स खाऊन उलटतपासणी केली. सिगित म्हणाला, "मी काल काय लिहिलं ते मला आज आठवत नाही. आणखी मिरची देऊ?" पाक कुंचोरोंनी त्याला निर्दोष सोडलं, कारण नूडल्स चांगल्या होत्या.

दुसरा तर्क: बाजारामागच्या दुसऱ्या केटरिंगवालीचं कारस्थान. तिनं आम्हाला तळलेली केळी दिली. तीही निर्दोष.

तिसरा तर्क सांगताना त्यांनी आवाज खाली आणला. "शून्याचा आकार कसा असतो, गियान्तो? गोल. अंगठी कशी असते? गोल. लग्न मोडण्याचा कट आहे हा. सूत्रधार तुझी सासू!"

"माझी आई?" दारातून आवाज आला. माझी होणारी बायको पालुपी जेवणाचा डबा घेऊन उभी होती.

तिनं डबा ठेवला, पाक कुंचोरोंना खुर्चीवरून उठवलं, त्यांची शून्याची तरतूद खोडली आणि तपासनीस पुन्हा चालवला. लाल ओळ आली. तिनं ती मोठ्यानं वाचली. आमच्या कचेरीत हा प्रयोग त्याआधी कुणी केला नव्हता.

"सूपाची फाइल, ओळ एक्केचाळीस. मीठ. इथे आकडा हवा, तुम्ही शब्द दिला आहे." तिनं ती ओळ उघडली. "अहो, इथे लिहिलंय, 'चवीपुरतं'!"

मी वाकून पाहिलं. खरंच तसं होतं.

"आईनं जन्मात कधी मिठाचा आकडा सांगितलाय? कुणाची आई सांगते? आणि तुमचा पायथन सगळ्याला पाहुण्यांच्या संख्येनं गुणतो. शब्दाला सहाशेनं गुणलं तर?"

"तो शब्द सहाशे वेळा छापतो," मी म्हणालो, आणि कपाळावर हात मारला. म्हणून हातभर चिठ्ठी!

पालुपीनं स्वयंपाकघरात फोन लावला. ढवळणारी बाई म्हणाली, "हो तर, 'चवीपुरतं, चवीपुरतं' असंच यायचं खालपर्यंत. आम्हाला वाटलं, मीठ महत्त्वाचं म्हणून मशीन बजावून सांगतंय. सांगायचं कशाला, त्याला वाईट वाटलं असतं."

प्रोग्राममधल्या मिठाच्या डब्यावरचं नाव बदललं: आकडा किंवा शब्द. आकडा असेल तरच गुणायचं. दोन ओळींचं काम. अख्ख्या सोलोत तोंडावर खरं बोलणारा एकच होता तो तपासनीस, आणि आम्ही त्यालाच खोटारडा ठरवला होता.

"हाच माझा चौथा तर्क होता," पाक कुंचोरो म्हणाले आणि डबा उघडून बसले.

शनिवारी बू सार्जींनी वीतभर चिठ्ठी पाहिली. शून्याच्या जागी एकदाच छापलं होतं, मीठ: चवीपुरतं. त्यांनी ती तशीच कोठीत पाठवली.

रविवारी मी आणि पालुपी मंडपात नटून बसलो. पाहुणे रांगेनं बसले, वाढपी धावले. आधी चहा, मग सूप. "छान आहे," पहिली रांग म्हणाली. "छान आहे," दुसरी म्हणाली. याला काडीचा अर्थ नव्हता. माझी नजर परत येणाऱ्या वाट्यांवर होती. पहिला ट्रे आला, रिकामा. दुसरा, रिकामा. एका म्हाताऱ्यानं तर वाटी कलती करून शेवटचा थेंब घेतला.

तेवढ्यात बू सार्जी बाह्या सारून थेट माझ्याकडे चालत आल्या. मी ताठ बसलो. आता 'आपण' येणार.

"ले," त्या म्हणाल्या, "टोपी वाकडी बसलीय तुझी. आरसा नव्हता का घरात? आणि तो तुझा साहेब अगदीच बावळट आहे."

मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. पुसायचंही सुचलं नाही.

पहिल्या रांगेतून पाक कुंचोरोंनी हे पाहिलं आणि ते शेजारच्या पाहुण्याच्या कानाला लागले. "बघा, नवरदेवाच्या डोळ्यात पाणी. सूपात मिरी जास्त झालीय. मी लगेच ओळखलं."