खोबरेल तेल आणि असल्फ्याचा उतार

श्रीरामेश्वर सन्मुख. घाटकोपर प्रांती असल्फ्याचे टेकडीवर राहणार दत्ताराम घाडी, मूळ मुलूख मालवण, वडील गिरणीत साचेवाले, खासा लिफ्टदुरुस्तीचे कामी मशहूर, यांची काळी मोटारसायकल ऐन दसऱ्याचे दिवशी थांबेनाशी कैसी जाहली, आणि मग थोर प्रयासे मागती थांबती कैसी जाहली, ही हकिकत पुढील पिढ्यांस कळावी, सबब पदरचे काही न घालता लिहितो. घातलेच असेल तर चवीपुरते.

दत्ताराम नित्य सकाळी आपल्या कुटुंबास, सुलक्षणाबाईसाहेबांस, मागे बसवून टेकडी उतरत आणि त्यांस बालवाडीत पोहोचवून आपण कामावर जात. उतार ऐसा की वर हंडा कलंडला तर पाणी खाली मेट्रोच्या खांबाशी जाऊन थांबावे. उतारावर बाईसाहेब नवऱ्याचा सदरा खांद्याशी मुठीत आवळून धरीत, आणि महिन्यास एक वेळ सदऱ्याची शिवण उसवे, आणि ती त्याच मागती घालीत. तरी त्यांणी कधी रिक्षा केली नाही, कारण अवघ्या दिवसात उभयतांस बोलावयास तेवढीच वीस मिनिटे मिळत. दत्तारामांस ही वीस मिनिटे राज्यापरीस थोर होती.

गणपतीचे सुमारास पुढल्या ब्रेकातून करकर ऐसा आवाज निघो लागला. पायथ्याशी प्रबुद्ध नामे गॅरेजवाला, मोठा हुन्नरी, त्याणे जाता-येता इशारत दिधली, "दत्ताकाका, पॅड संपलेत. एकदा दाखवून जा ना." दत्तारामांणी मान डोलाविली आणि पुढे कूच केले. मनी म्हणाले, ब्रेक ओरडतो म्हणजे जागा आहे. मग ब्रेकाची दांडी, जी पूर्वी दोन बोटांस वश होती, ती चार बोटे मागो लागली आणि मुठीस येऊन टेको लागली. ते म्हणाले, मनगटास व्यायाम घडतो. मग ब्रेकतेलाचे डबीतील पातळी खुणेखाली गेली. ते म्हणाले, उन्हाने आटले. परक्याची लिफ्ट नुसती कण्हली तरी जो पुरुष हत्यारे घेऊन धावे, त्याणे घरचे आजाराकडे ऐसा कानाडोळा केला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दसरा उगवला. दत्तारामांणी मोटारसायकल धुतली, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेविले, आणि पूजेस मांडिलेल्या पाना-पक्कडीस खोबरेल लावण्याचा घरचा रिवाज, म्हणून गावाहून आलेली घाण्याच्या तेलाची बाटली हाती घेतली. ते समयी त्यांस बुद्धी सुचली की, दार करकरले तर बिजागरीस तेल घालितात, मग ब्रेकास का नको? आणि मग पुढल्या चाकाचे चकतीस, जीस ब्रेकाचे पॅड दोहोंकडून आवळून चाक थांबवितात, दोहो अंगांनी तेल चोळिले, ऐसे की तीत तोंड पाहावे. चाक फिरवून पाहिले. करकर बंद. दत्ताराम स्वतःवर बहुत खूश जाहले.

मग बाईसाहेब जरीची साडी नेसून, मुलुंडास बहिणीकडे सोने द्यावयाचे म्हणून आपट्याची पाने घेऊन मागे बसल्या. उतार लागला. दत्तारामांणी दांडी दाबिली. काही नाही. चारही बोटांनी आवळिली. काहीच नाही. मागला ब्रेक वयोवृद्ध, त्याणे आपल्या परीने वेग निम्मा मारिला, आणि दत्ताराम "सरका, सरका!" ऐसा पुकारा करीत वळणावर आले, तेथे मालन फुलवालीने झेंडूचा डोंगर रचिला होता, त्यात मोटारसायकल, धनी आणि कुटुंब ऐसे तिघे गडप जाहले. कोणास ओरखडाही आला नाही, ही रामेश्वराची कृपा. मालनबाई गर्जल्या, "अरे ए! फुलं घ्यायला आलास की लोळायला?"

बाईसाहेब उठल्या. केसांत झेंडू, मुठीत सदऱ्याची अख्खी बाही. हुकूम फर्माविला तो एकच, "आजपासून मी तुमच्या मागे बसूचंय नाय." आणि रिक्षा करून एकट्या मुलुंडास रवाना जाहल्या. दत्ताराम फुले वेचून मालनबाईंची रास मागती रचित बसले, आणि खरे लिहावयाचे तर त्यांचे डोळे भरून आले. लागले म्हणून नव्हे.

प्रबुद्ध त्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस म्हणून पांढरी वस्त्रे लेऊन विहारास निघाला होता. त्याणे गर्दी पाहिली, जवळ आला, वाकून चकतीचा वास घेतला, आणि म्हणाला, "काका, हिची चंपी केलीत? ब्रेकला तेल? वाट लागली असती ना!" मग आज्ञा केली की, उद्या सकाळी आणावी, आणि चालवत नव्हे, ढकलत.

दुसरे दिवशी दत्ताराम ढकलत आले. पाठोपाठ बाईसाहेबही आल्या आणि रिक्षाची वाट पाहण्याचे मिषाने गॅरेजासमोर उभ्या राहिल्या. रिक्षा तीन गेल्या. प्रबुद्धाने जुने पॅड काढिले, तो घासणारा थर नाहीसा, नुसते लोखंड चमकत होते. मग नवे दाखविले. थर जाड, आणि मधोमध खाच. "ही खाच दिसतेय तोवर निवांत. खाच गेली की पॅड गेला. आणि करकर झाली, दांडी मुठीला टेकली, डबीतलं तेल उतरलं, तर इकडे यायचं. खोबरेलाकडे नाही." दत्ताराम खाली पाहात राहिले. बाईसाहेबांणी मात्र पुढे होऊन नवे पॅड हाती घेतले, खाचेत नख फिरविले, आणि महिन्याचे महिन्यास ही तपासणी आपण खुद्द करू, ऐसे जाहीर केले.

प्रबुद्धाने चकती स्वच्छ पुसून पॅड बसविले, आणि नवे आहेत, दोन दिवस बेताने चालवा, ऐसी ताकीद दिधली. मग बाईसाहेबांणी उतारावर बरेच वर चढून पायातील चप्पल काढून मांडिली आणि फर्मान सोडिले की, हिच्या अलीकडे थांबून दाखवावे. दत्तारामांणी त्याहून वर जाऊन, रामेश्वरास स्मरून, सावकाश उतरावयास आरंभ केला, दोन बोटांनी दांडी दाबिली, आणि मोटारसायकल चपलेच्या वीतभर अलीकडे, हूं की चूं न करिता, उभी राहिली. बाईसाहेबांणी चप्पल पायात घातली आणि मुकाट्याने मागे बसल्या.

मग उतारभर बोलत होत्या. बहिणीची नवी सून, बालवाडीतले गळके छप्पर, रात्रीच्या आमटीत पडलेले जास्तीचे मीठ. मेट्रोचा खांब आला तेव्हा एकाएकी थबकून पुसते जाहल्या, "अहो, उतार गेलो खंय?"

एवंच असल्फ्याचा उतार आश्विन शुद्ध एकादशीस, सकाळी नऊ वाजता, सर्व शर्तींनिशी सर जाहला. खोबरेलाची बाटली केसांचे चाकरीस परत रुजू जाहली. त्या दिवशी दत्तारामांचे सदऱ्याची शिवण शाबूत राहिली, हे बाईसाहेबांणी संध्याकाळी स्वहस्ते तपासून पाहिले, आणि सुईदोरा डब्यात ठेवून दिला.