तयार विमानांची रांग

आमच्या विमानतळावर उड्डाणाची परवानगी मिळवण्याची पद्धत अत्यंत सुटसुटीत आहे. कॅप्टनने रेडिओवर 'तयार' म्हणायचं, टॉवरने रांगेत नंबर द्यायचा. साहजिकच आमची सगळी विमानं सदासर्वकाळ तयार असतात. सामान खाली पडलेलं असतं, निम्मे प्रवासी बसमध्ये असतात, विमान मात्र तयार.

टॉवरने परिपत्रक काढलं: यापुढे 'पूर्णपणे तयार' असणाऱ्यांनाच नंबर मिळेल. दुसऱ्या दिवशी सगळे पूर्णपणे तयार झाले. मग 'दारं लावून पूर्णपणे तयार' आलं. तेही सगळे झाले, उघड्या दारांनिशी. टॉवरही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता, तो प्रत्येक 'तयार'मागे वीस मिनिटं मनातल्या मनात धरायचा. एकंदरीत छान चाललं होतं.

मी सहवैमानिक. माझे कॅप्टन तीस वर्षांत रेडिओवर एकदाही खोटं बोललेले नाहीत, म्हणून आम्ही त्यांना पाठीमागे 'हरिश्चंद्र' म्हणतो. त्या दिवशी पाच वाजता त्यांच्या आईचं हृदयाचं ऑपरेशन होतं, आम्ही जिथे उतरणार त्याच शहरात. "तू आल्याशिवाय मी आत जायची नाही," असं तिने बजावलं होतं. आणि इकडे आमच्या विमानाचं एक चाक बदलणं चाललं होतं.

"सर, म्हणून टाका ना तयार," मी म्हटलं. "नंबर येईतो चाक बसतंय."

"बसल्यावर म्हणू," असं म्हणून त्यांनी बटण दाबलं. "टॉवर, आम्ही तयार नाही. अकरा मिनिटं लागतील."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"सर, असं कुणी म्हणत नाही," टॉवरवरची बाई हळूच म्हणाली. "त्याला माझ्याकडे रकानाच नाहीये."

"पण खरं तेच आहे हो."

"स्वतःहून नाही म्हणताय म्हणजे काहीतरी भयंकरच असणार. थांबा, बंब पाठवते."

बंब आला. पाठोपाठ रुग्णवाहिका आली, तिच्यामागून तीन जणांची तपासणी समिती. चाक बरोबर अकराव्या मिनिटाला बसलं, पण आता विचारतो कोण? समितीला दोष सापडेना.

"सापडला असता तर लगेच सोडलं असतं," अध्यक्ष हळहळले. "न सापडणाऱ्या दोषाला वेळ लागतो."

तो वेळ लागता लागता आमचे ड्यूटीचे तास संपले आणि उड्डाण रद्द झालं. तोवर चार अर्धवट विमानं आमच्या नाकासमोरून रांगेत जाऊन उभी राहिली होती.

"एक शब्द बोलायला काय जात होतं हो तुमचं?" दालनात प्रवाशांनी कॅप्टनना घेरलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"आई? अगं, उतरलोसुद्धा. टॅक्सीत बसतोय. तू हो पुढे, मी आलोच."

आवाज जराही हलला नाही. खिसा मात्र त्यांना सापडेना, फोन मलाच त्यात ठेवावा लागला. मला फार वाईट वाटलं. प्रवाशांनी मात्र घेराव उठवला. हा माणूस आपल्यातलाच निघाला, याचं त्यांना समाधान वाटलं असावं.

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर आईने लेकाला एवढंच विचारलं, "टॅक्सीत विमानतळाच्या घोषणा ऐकू येतात का रे? पण म्हटलं, तुझ्या जिवाला घोर नको. 'मी तयार आहे' म्हटलं डॉक्टरांना आणि गेले आत. तयार कसली डोंबलाची!"

असो. मघाशी 'निघालोच' असं सांगून तुम्ही हे वाचत बसला आहात. उठा आता, तिकडे कुणीतरी तुमच्यावर भरवसा ठेवून पायरीवर उभं आहे.